‘३७ व्हायरस सापडले’ असं सांगणारा नक्की कोण?

ताई, इतर वाचणाऱ्यांनाही कळावं म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. बाबा गावी एकटे असतात. त्यांच्या विंडोज ११ च्या लॅपटॉपवर आठवडाभर उजव्या कोपऱ्यात लाल चौकट उगवते : ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ३७ व्हायरस सापडले, संरक्षण संपलं आहे, ताबडतोब नूतनीकरण करा.’ दाबलं की २,४९९ रुपये मागणारं पान उघडतं. डेस्कटॉपवर ढालीचं चित्र असलेला एक अँटिस्पायवेअर (चोरून पाळत ठेवणारे प्रोग्राम काढतो म्हणणारा) प्रोग्राम आला आहे, तो कधी टाकला हे बाबांना आठवत नाही. तो रोज स्वतःहून तपासणी करतो आणि शेकडो दोष दाखवतो. शेजारचा मुलगा म्हणतो, फॉरमॅट मारावं लागेल, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकावं लागेल. आणि त्याच लॅपटॉपमध्ये तुमच्या आईचे सगळे फोटो आहेत, ज्यांची दुसरी प्रत कुठेच नाही.

दोन गोष्टी लगेच सांगतो. पैसे भरू नका, आणि फॉरमॅट तर मुळीच मारू देऊ नका. मी सांगलीत २२ वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. अशी लाल चौकट घेऊन आलेल्या बहुतेक मशीनमध्ये फोटोंना, कागदपत्रांना धक्कासुद्धा लागलेला नसतो. फोटो जातात ते घाईघाईत केलेल्या दुरुस्तीमुळे.

माझं पहिलं काम नेहमी एकच असतं : हा इशारा नेमका कुठून येतोय ते शोधायचं. जागा तीनच. एक, ब्राउझरमध्ये उघडलेलं एखादं पान. दोन, ब्राउझरमार्फत एखाद्या साइटने पाठवलेलं नोटिफिकेशन. तीन, मशीनमध्ये खरोखर बसलेला प्रोग्राम. तिन्ही दिसायला सारखे, तिन्हींवर ढाल आणि लाल रंग, पण तिघांवरचा इलाज वेगळा. पहिल्यात काही काढावंच लागत नाही. दुसऱ्याला दोन मिनिटं लागतात. तिसऱ्याला तासभर. लोक पहिल्या-दुसऱ्यावर तिसऱ्याचा इलाज करायला जातात, इंटरनेटवर ‘व्हायरस काढायचा प्रोग्राम’ शोधतात आणि त्या शोधात खरंच एक नकली प्रोग्राम घरात घेऊन येतात. तुमच्या बाबांच्या बाबतीत मला नेमकं हेच झालेलं दिसतंय. चौकट आधी आली असावी, ढालवाला प्रोग्राम तिच्या मागोमाग.

चौकटीपासून सुरू करू. बाबांना फोनवर सांगा, ती पुढच्या वेळी आली की तिच्यावर क्लिक करू नका, नुसती नीट वाचा. वरच्या कडेला बारीक अक्षरात ‘गुगल क्रोम’ किंवा ‘मायक्रोसॉफ्ट एज’ लिहिलेलं असेल, आणि मजकुराखाली एक विचित्र वेबपत्ता, अर्थहीन अक्षरं आणि आकडे जोडून केलेला. तो पत्ता दिसला की संपलं. व्हायरस शोधल्याचं सांगणारी ती चौकट म्हणजे एका साइटने पाठवलेली जाहिरात आहे. तिने मशीन तपासलेलं नाही. ३७ हा आकडा आधीच लिहून ठेवलेला आहे. विंडोजच्या स्वतःच्या संरक्षणाचा, म्हणजे मायक्रोसॉफ्ट डिफेंडरचा इशाराही त्याच कोपऱ्यात येतो, म्हणून घोटाळा होतो. पण त्यावर ‘विंडोज सिक्युरिटी’ असं नाव असतं, क्लिक केलं तर विंडोजचीच खिडकी उघडते, आणि त्यात किंमत किंवा फोन नंबर कधीही नसतो.

चौकट पाठवायची परवानगी बाबांनीच दिलेली असते, फक्त आपण काय देतोय हे त्यांना सांगितलेलं नसतं. फुकट गाणी, लग्नपत्रिकेचे नमुने, पीडीएफ पुस्तकं देणाऱ्या साइटवर एक पान लागतं : ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा.’ माणूस सरळ मनाने दाबतो. त्या क्षणापासून त्या साइटला हवं तेव्हा कोपऱ्यात चौकट पाठवायची मुभा मिळते, साइट बंद असली तरी. खऱ्या रोबोट-तपासणीत चित्रं ओळखायला सांगतात किंवा एका चौकोनात टिक करायला. ‘अलाउ’ दाबायला कुणी सांगत नाही, एवढं बाबांना आवर्जून सांगा.

काढायचं असं. क्रोममध्ये उजवीकडे वर तीन टिंबं, तिथून सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज आणि त्यात नोटिफिकेशन्स. खाली परवानगी दिलेल्या साइटची यादी दिसेल. ओळखीचं नसलेलं प्रत्येक नाव काढून टाका. मी तर अशा मशीनवर यादी पूर्ण रिकामी करतो आणि वरचा पर्याय बदलून कुठल्याच साइटला नोटिफिकेशन पाठवता येणार नाही असं करून ठेवतो. बँक, पेपर, पंचांग, कुणालाही त्या चौकटीची खरी गरज नसते. एजमध्येही सेटिंग्जच्या शोधखान्यात ‘नोटिफिकेशन’ लिहिलं की तीच यादी मिळते. बाबा दोन्ही ब्राउझर वापरत असतील तर दोन्हीकडे करा. एकीकडचं काढलं म्हणून दुसरीकडचं जात नाही. आणि त्यांच्या मोबाइलमधल्या क्रोममध्येही एकदा बघून घ्या.

आता पहिल्या प्रकाराविषयी, म्हणजे ब्राउझरमधल्या पानाविषयी, कारण ते कधी ना कधी येईलच. पूर्ण स्क्रीनभर निळं किंवा लाल पान, भोंग्यासारखा आवाज, मायक्रोसॉफ्टचं चिन्ह आणि एक फोन नंबर : ‘कॉम्प्युटर बंद करू नका, आम्हाला फोन करा.’ माउसचा बाण दिसत नाही, बंद करायची फुली सापडत नाही. वयस्कर माणसाची त्या आवाजानेच पाचावर धारण बसते. त्यांना सांगून ठेवा : एस्केपचं बटण तीन-चार सेकंद दाबून धरायचं. पान पूर्ण स्क्रीनवरून खाली येतं आणि फुली दिसते. नाही जमलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र, टास्क मॅनेजर उघडतो, त्यात ब्राउझरवर क्लिक करून एंड टास्क. तेही नाही जमलं तर पॉवरचं बटण दाबून धरून लॅपटॉप बंद करा. ‘बंद करू नका’ ही धमकी पोकळ आहे. फक्त पुन्हा ब्राउझर उघडल्यावर तो ‘आधीची पानं परत उघडू का’ असं विचारेल, तेव्हा नाही म्हणायचं.

वेबपान तुमची हार्डडिस्क तपासू शकत नाही, हे लोकांना पटवायला मी एक गोष्ट दाखवायचो. दुकानात माझं स्वतःचं मशीन उबंटूचं होतं, म्हणजे विंडोजऐवजी दुसऱ्याच प्रणालीवर चालणारं. उबंटूमध्ये सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह असा प्रकारच नसतो. तरी असं एखादं पान त्याच्यावर उघडलं की विंडोज एक्सपीची ‘माय कॉम्प्युटर’ खिडकी दिसायची, सी ड्राइव्ह तपासला जात असल्याची हिरवी पट्टी भराभर पुढे सरकायची आणि विंडोजच्या फोल्डरमधल्या फायली एकेक करून लाल व्हायच्या. जे फोल्डर त्या मशीनमध्ये अस्तित्वातच नव्हतं! गिऱ्हाइकाला शेजारी बसवून हे दाखवलं की त्याचा चेहराच बदलायचा. भीती गेली की माणूस नीट विचार करू लागतो, म्हणून मी दुरुस्तीच्या आधी हे पाच मिनिटं करायचोच.

हा धंदा जुना आहे, आणि तो किती मोठा होता हे कळलं की फसलेल्या माणसाला स्वतःची लाज वाटायची थांबते, म्हणून थोडं सांगतो. २००५ च्या सुमारास स्पायशेरीफ, विनफिक्सर ही नावं आम्हाला दर आठवड्याला भेटायची. वॉलपेपर बदलून ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये स्पायवेअर आहे’ असं लिहायचं आणि तोच प्रोग्राम साफसफाईचे पैसे मागायचा. २००६ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने ‘स्पायवेअर क्लीनर’ नावाच्या ४९.९५ डॉलरच्या प्रोग्रामवर खटला भरला. २००८ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांच्या फसवणुकीवर कारवाई करणाऱ्या सरकारी संस्थेने) इनोव्हेटिव्ह मार्केटिंग या कंपनीला कोर्टात खेचलं. विनफिक्सर, ड्राइव्हक्लीनर, एररसेफ, एक्सपी अँटिव्हायरस ही सगळी एकाच घरची पोरं निघाली. कंपनीची नोंद बेलीझमध्ये, कारभार युक्रेनच्या कीव्हमधून, आणि फसलेले ग्राहक १० लाखांहून जास्त. २०१२ मध्ये कोर्टाने त्या प्रकरणातल्या एका महिलेवर १६ कोटी ३० लाख डॉलरचा हुकूमनामा काढला. २०११ च्या जूनमध्ये एफबीआयने लाटव्हियासह अनेक देशांच्या पोलिसांना बरोबर घेऊन आणखी एक टोळी धरली. तिने सुमारे ९ लाख ६० हजार लोकांकडून ७ कोटी २० लाख डॉलर उकळले होते. आणि त्याच वर्षी मे महिन्यात ॲपलच्या मॅक कॉम्प्युटरांवरचा नकली अँटिव्हायरस मॅकडिफेंडर आला, तेव्हा ‘मॅकला काही होत नाही’ म्हणणारेही माझ्याकडे येऊन बसले.

यात बाबांसाठी महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. २००९ च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्क टाइम्ससारख्या दैनिकाच्या वेबसाइटवर एका जाहिरातीतून असाच नकली अँटिव्हायरसचा इशारा वाचकांसमोर आला होता. पेपर वाचत बसलेल्या माणसाला! म्हणून ‘बाबा, तुम्ही नको त्या साइटवर गेला असाल’ असं त्यांना चुकूनही म्हणू नका. एकदा असं ऐकलेला माणूस पुढच्या वेळी घरात सांगत नाही, गुपचूप पैसे भरून मोकळा होतो. माझ्याकडे येणाऱ्या ज्येष्ठांपैकी कितीतरी जण ‘मुलाला सांगू नका’ अशी विनवणी करतात. त्यांनी गमावलेल्या पैशापेक्षा मला ते जास्त टोचतं.

आता डेस्कटॉपवरचा ढालवाला. तो नकली आहे की नुसता निरुपयोगी, हे ओळखायला माझी पहिली कसोटी म्हणजे त्याने दाखवलेल्या दोषांची यादी उघडून वाचणं. आकड्याकडे बघू नका, ओळी वाचा. कुकीज (साइटनी ठेवलेल्या छोट्या नोंदी), तात्पुरत्या फायली, रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातल्या) जुन्या नोंदी, ‘प्रायव्हसी ट्रेस’ असल्या गोष्टी असतील तर यातली एकही धोका नाही. नुकतंच नवं विंडोज टाकलेल्या मशीनवरही असे प्रोग्राम शेकडो दोष काढून दाखवतात, हे मी स्वतः करून पाहिलं आहे. खरा प्रोग्राम काही सापडलं तर त्या फायलीचं नाव, ती कुठल्या फोल्डरमध्ये आहे आणि त्या किडीचं, म्हणजे घातक प्रोग्रामचं, नाव सांगतो.

दुसरी कसोटी पैशाची. तपासणी फुकट आणि सापडलेलं काढायला पैसे, ही रचना दिसली की सावध व्हा. डिफेंडर विंडोजबरोबरच येतो आणि काढायचे पैसे मागत नाही. मालवेअरबाइट्स या कीड काढणाऱ्या प्रोग्रामची मोफत आवृत्तीसुद्धा जे शोधते ते काढून देते. पैसे घेतात ते सतत पहारा ठेवायचे. चांगल्या कंपन्यांचे पैसे देऊन घ्यायचे अँटिव्हायरस आहेतच, आपल्या पुण्याचं क्विक हील तर महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. पण ते आपण ठरवून दुकानातून किंवा कंपनीच्या साइटवरून आणतो. स्वतःहून दारात येऊन घर जळतंय म्हणून ओरडत नाहीत. बाबांना एवढंच विचारा, ‘तुम्ही कुठला अँटिव्हायरस विकत घेतला होता का?’ नाही म्हणाले, तर ‘नूतनीकरण’ कशाचं?

तिसरं, स्टार्टमध्ये ‘विंडोज सिक्युरिटी’ शोधून उघडा आणि व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन या भागात डिफेंडर चालू आहे का ते पाहा. चालू असेल, तर मशीन इतके दिवस उघडं पडलेलं नव्हतं. बंद असेल आणि ढालवाल्याचं नावही तिथे नसेल, तर पहिलं काम तो चालू करायचं.

मोठं नाव दिसलं म्हणून विश्वास टाकू नका, हेही सांगायला हवं. २०१९ च्या मार्चमध्ये ऑफिस डेपो ही अमेरिकेतली मोठी दुकानांची साखळी आणि तिला सॉफ्टवेअर देणारी सपोर्ट डॉट कॉम यांनी मिळून ३ कोटी ५० लाख डॉलर भरून फेडरल ट्रेड कमिशनचा दावा मिटवला. दुकानात मशीन तपासायच्या आधी ग्राहकाला चार प्रश्न विचारायचे : मशीन हळू चालतं का, जाहिराती येतात का, असे. त्यातल्या एकावरही टिक केली की तपासणीचा निकाल ‘कीड असल्याची लक्षणं आहेत’ असाच यायचा, मशीन कसंही असो. २०२४ च्या मार्चमध्ये रेस्टोरो आणि रीइमेज या सायप्रसच्या कंपन्यांनी २ कोटी ६० लाख डॉलर भरायचं कबूल केलं, तेही विंडोजचा इशारा वाटेल अशा चौकटी दाखवून घाबरवल्याच्या आरोपावरून. तुमच्या बाबांच्या चौकटीत आणि या प्रकारात मला फरक दिसत नाही.

काढायला बसाल तेव्हा पहिलं काम फोटो. पेनड्राइव्ह किंवा बाहेरची हार्डडिस्क लावा, आईच्या फोटोंची प्रत काढा, ती दुसऱ्या मशीनवर उघडून बघा, मगच पुढे जा. फोटोंच्या फायलींतून हे प्रोग्राम पसरत नाहीत, त्यामुळे ‘व्हायरसही कॉपी होईल’ ही भीती नको. फक्त फोटोच घ्या, त्या फोल्डरमधल्या ईएक्सई फायली (म्हणजे प्रोग्राम) नको.

आणि ‘टेंपररी फायली साफ करणारा’ कुठलाही क्लीनर आधी चालवू नका. हे मी पोळून शिकलो. २०११ मध्ये ‘हार्डडिस्क निकामी झाली आहे’ असं सांगणाऱ्या नकली प्रोग्रामांची लाट आली होती. एक शिक्षिका रडत मशीन घेऊन आल्या. डेस्कटॉप रिकामा, स्टार्ट मेन्यू रिकामा, माय डॉक्युमेंट्स रिकामं. मी नेहमीच्या सवयीने टेंप फोल्डर साफ केलं आणि मग कीड काढली. त्यांच्या फायली परत मिळाल्या, कारण त्या प्रोग्रामने त्या नुसत्या लपवल्या होत्या. ॲट्रिब नावाची विंडोजची साधी आज्ञा देऊन लपवल्याची खूण काढली की सगळं जसंच्या तसं. पण स्टार्ट मेन्यूतले शॉर्टकट त्याने उचलून टेंपमधल्याच एसएमटीएमपी नावाच्या फोल्डरमध्ये ठेवले होते, आणि ते मी माझ्या हाताने पुसून बसलो होतो. शॉर्टकटच होते, ते मी एकेक करून परत बनवून दिले. त्यांच्या पोरांच्या परीक्षेचे पेपर तिथे असते तर? तेव्हापासून माझ्या दुकानात नियम आहे : आधी प्रत, मग कीड, आणि साफसफाई सर्वांत शेवटी. आणि कधी बाबांच्या मशीनवर सगळं गायब दिसलं तर घाबरू नका. फाइल एक्स्प्लोररच्या व्ह्यू मेन्यूत लपलेल्या फायली दाखवायचा पर्याय चालू करा आणि मगच काय गेलं ते ठरवा.

प्रत झाली की इंटरनेट बंद करा आणि सेटिंग्जमधल्या ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्समध्ये जा. यादी तारखेप्रमाणे लावा. त्रास सुरू झाला त्या दिवसाच्या आसपास काय काय बसलं आहे ते एका नजरेत दिसेल. ढालवाला एकटा क्वचितच येतो. ‘ड्रायव्हर अपडेटर’, ‘पीडीएफ कन्व्हर्टर’, ‘सर्च’ असं काहीतरी सोबत असतं. त्याच तारखेचं आणि बाबांनी न मागितलेलं सगळं अनइन्स्टॉल करा. काढताना तो विनवण्या करेल : ‘खरंच धोका पत्करणार?’, ‘५० टक्के सवलत देतो.’ बटणं मुद्दाम उलटसुलट रंगवलेली असतात, मोठं हिरवं बटण ठेवून घ्यायचं आणि काढायचं बारीक करडं. सावकाश वाचून दाबा.

मग टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअप ॲप्स बघा, तिथे त्याचं पिल्लू उरलं असेल तर डिसेबल करा. ठरल्या वेळी प्रोग्राम आपोआप चालवणारा टास्क शेड्युलर उघडून तसंच नाव शोधा. काढलेला प्रोग्राम दुसऱ्या दिवशी परत आला अशी तक्रार येते तेव्हा बहुतेकदा कारण इथेच सापडतं. क्रोम आणि एजमधली एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम, बघा. आणि सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या भागात प्रॉक्सी (इंटरनेटची वाहतूक मधल्या दुसऱ्या ठिकाणाहून नेणारी सेटिंग) बघायला विसरू नका. असे प्रोग्राम कधी कधी सगळी वाहतूक आपल्यामार्फत वळवतात. ते काढले की प्रॉक्सी तशीच राहते, इंटरनेट चालत नाही आणि लोकांना वाटतं दुरुस्तीने मशीन बिघडलं. हाताने घातलेला प्रॉक्सी बंद केला की झालं.

अनइन्स्टॉल होतच नसेल तर सेफ मोड. शिफ्ट दाबून धरून रीस्टार्टवर क्लिक करा, निळ्या स्क्रीनवर ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि मग ४ चा आकडा. त्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या ड्राइव्ह-कुलपाची) रिकव्हरी की हाताशी ठेवा. नव्या लॅपटॉपवर ड्राइव्ह आपोआप कुलूपबंद असू शकतो आणि मशीन ती की मागू शकतं. बाबांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ती बहुधा जपलेली असते. सेफ मोडमध्ये विंडोज अगदी गरजेपुरतं सुरू होतं, त्यामुळे या प्रोग्रामांना उठून आडवं यायची संधी मिळत नाही.

शेवटी दोन तपासण्या. विंडोज सिक्युरिटीतल्या स्कॅन ऑप्शन्समध्ये ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन’ आहे. तो मशीन रीस्टार्ट करून विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासतो, पंधराएक मिनिटं लागतात. नंतर इंटरनेट पुन्हा चालू करून मालवेअरबाइट्सचाच ॲडडब्ल्यूक्लीनर. तो छोटा आहे, मोफत आहे आणि असल्या जाहिरातबाज प्रोग्रामांसाठीच बनवलेला आहे. डाउनलोड मात्र कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून, पत्ता हाताने टाइप करून. शोधून आलेल्या यादीत सर्वांत वरची ओळ बऱ्याचदा जाहिरात असते, आणि याच प्रोग्रामांच्या नावाने नकली पानं तिथे बसलेली असतात. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवरही २०१७ पासून मोफत साधनं आहेत, तीही चालतील. एकावेळी एकच चालवा.

इथपर्यंतचं सगळं, बाबांनी फक्त चौकट पाहिली आणि प्रोग्राम बसवला असं धरून सांगितलं. आता एक प्रश्न त्यांना शांतपणे विचारा : त्या नंबरवर फोन केला होता का? कुणी एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर (लांबून मशीन चालवू देणारे प्रोग्राम) टाकायला सांगून मशीन ताब्यात घेतलं होतं का? ‘हो’ असेल तर सगळं चित्र बदलतं.

फोनवरचा माणूस काय दाखवतो ते सांगतो, म्हणजे बाबांना ओळखता येईल. तो इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडतो. त्यात प्रत्येक मशीनवर, अगदी माझ्यासुद्धा, शेकडो लाल-पिवळे इशारे असतात. एखादी सेवा दोन सेकंद उशिरा सुरू झाली तरी नोंद होते. तो म्हणतो, ‘बघा, एवढे हल्ले झालेत.’ मग काळी खिडकी उघडून ट्री नावाची आज्ञा देतो. ती फक्त फोल्डरांची नावं छापते, पण ओळी सरसर धावतात, तपासणी चालल्यासारखी, आणि शेवटी तो स्वतःच ‘व्हायरस सापडला’ असं टाइप करतो. अशी कॉल सेंटरं आपल्याच देशातही आहेत. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सीबीआयने ऑपरेशन चक्र-२ मध्ये ७६ ठिकाणी छापे टाकले, त्यात मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनच्या तक्रारींवरून धरलेल्या अशाच टोळ्या होत्या. परदेशात मुलांकडे राहणाऱ्या आईवडिलांना हिंदी बोलणारा माणूस फोनवर मिळाला की ‘आपलाच आहे’ असं वाटतं. तुमच्या ओळखीत असे कुणी असतील तर त्यांच्याही कानावर घाला.

मशीन कुणाच्या ताब्यात गेलं असेल तर आधी वायफाय बंद. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, कार्ड आणि नेटबँकिंग थांबवा. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा. बँकेतून बँकेत पुढे जाणारा पैसा वाटेत अडवता येतो तो पहिल्या काही तासांतच, त्यामुळे ‘मुलगी आली की बघू’ असं थांबायचं नाही. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड खाली हा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेकडे लेखी चार्जबॅक (भरलेले पैसे परत) मागा, आणि कार्डाचा परदेशी व्यवहारांचा पर्याय बँकेच्या ॲपमधून बंद करून ठेवा. पासवर्ड बदला, पण दुसऱ्या मशीनवरून, आणि ईमेलचा सर्वांत आधी. काही दिवसांनी ‘तुमचे पैसे परत करतो’ असा फोन आला तर ती त्याच टोळीची दुसरी खेप समजायची. आणि या एका प्रसंगात शेजारच्या मुलाचं म्हणणं मलाही मान्य आहे : अनोळखी माणूस तासभर मशीनमध्ये फिरून गेला असेल आणि त्याच मशीनवर बँकेचे व्यवहार होत असतील, तर फोटोंची प्रत काढून विंडोज नव्याने टाका. तो मागे काय ठेवून गेला हे शोधत बसण्यापेक्षा ते खात्रीचं आहे.

साफ झालेल्या मशीनवर मी जादा काही टाकत नाही. डिफेंडर चालू, विंडोजचे अपडेट चालू, ब्राउझरमध्ये एक चांगला जाहिरातरोधक, नोटिफिकेशन बंद. बाबांसाठी वेगळं साधं खातं बनवा, ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड तुमच्याकडे ठेवा. मग मशीनच्या मुळापर्यंत हात घालणारं काही बसवायचं झालं की पासवर्ड मागितला जातो आणि बाबा तुम्हाला फोन करतात. पण हे त्यांच्याशी बोलून, त्यांच्या संमतीने करा. लॅपटॉप त्यांचा आहे.

या शनिवारी तुम्ही गावी जाणार असं लिहिलं आहे. तोवर बाबांना एवढंच सांगा की चौकट आली तर येऊ द्या, फोनवर तिचा फोटो काढून तुम्हाला पाठवा आणि दुसरं काही दाबू नका. तो फोटो आणि इन्स्टॉल्ड ॲप्सची तारखेप्रमाणे लावलेली यादी माझ्याकडे पाठवलीत, तर नेमकं काय काय काढायचं ते मी नावानिशी सांगतो. पेनड्राइव्ह मात्र जातानाच घेऊन जा, ६४ जीबीचा तरी.